कुठल्या बसमध्ये हरवले?

सापडलेबाई हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पण आपल्या भाषेत गोडबोले चालतात, लेले चालतात, मग सापडल्यांनी कुणाचं घोडं मारलंय, असं त्यांच्या नवऱ्याच्या एका ड्रायव्हर मित्राचं म्हणणं होतं. बाई बसडेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कामाला बसल्या, त्याच दिवशी त्याने हे नामकरण उरकून टाकलं. "हरवलेबाई म्हटलं तर उगाच अपशकुन व्हायचा वहिनी," तो म्हणाला, "त्यापेक्षा सापडलेबाई बऱ्या." पुढे तो निवृत्त झाला आणि मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला. त्याच्याबरोबर ह्या परमुलखातल्या डेपोतली मराठीही गेली. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाई स्वतःच स्वतःला तशी हाक मारायच्या. "चला सापडलेबाई, उठा, बस चुकेल," असं रोज सकाळी आरशासमोर म्हणायच्या. दिवसभरात आपलं बोलणं कानावर पडायचं ते तेवढंच.

खिडकी डेपोच्या मागच्या अंगाला होती, तिकीटघर आणि स्वच्छतागृह यांच्या मधोमध. त्यामुळे निम्मी माणसं तिथे तिकिटाचा भाव विचारायची आणि उरलेली सुट्टे पैसे. खिडकीमागे छतापर्यंत फडताळं, आणि फडताळांत लोकांच्या विसरभोळेपणाचा बाजार: छत्र्या, चष्मे, एकेकटे हातमोजे, डबे, दप्तरं, कुण्या बाळाचा एकच बूट. एकदा कुबड्यांचा जोड आला होता. कुबड्या बसमध्ये विसरून माणूस घरी गेला कसा, ह्याचा बाईंनी आठवडाभर विचार केला. एकदा दातांची कवळी आली. ती न्यायला आलेला गृहस्थ तोंडावर रुमाल धरून नुसत्या खुणा करत होता, आणि आपल्यापेक्षाही कमी बोलता येणारं गिऱ्हाईक बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं. प्रत्येक वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर बसचा नंबर घालायचा. महिने उलटले, कुणी फिरकलं नाही, की वस्तू गोणीत भरून दान करायची. गोणी भरण्याचं काम बाईंच्या जिवावर यायचं. कुणी न्यायला न आलेल्या वस्तूंकडे त्यांच्याने पाहवत नसे.

बाईंचा नवरा ह्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. तो होता तोवर इंग्रजी हे खातं त्याच्याकडे होतं. डॉक्टर, बँक, मुलीची शाळा, घरमालक, सगळीकडे बोलायचं त्याने आणि मान हलवायची बाईंनी. घरी शिवणाचं मशीन होतं, मजल्यावर आपल्या भाषेतल्या दोन-तीन बायका होत्या, कुठे काही अडलं नाही. मग एके दिवशी छातीत कळ आली आणि तो कामावरच गेला. नवरा गेला हे बाईंना त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं आपण त्याच्या तोंडाने बोलत होतो आणि ते तोंडही गेलं, हे कळायला थोडे दिवस लागले. मजल्यावरच्या बायका एकेक करत मोठ्या घरांत राहायला गेल्या. मुलीचं लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेली. डेपोच्या साहेबांनी माणुसकी म्हणून बाईंना खिडकीवर बसवलं.

ह्या कामापुरतं इंग्रजी साहेबांनी त्यांच्याकडून घोटून घेतलं. 'लॉस्ट? व्हॉट कलर? विच बस?' हे प्रश्न, आणि समोरचा माणूस रडकुंडीला आला असेल तर त्याच्यासाठी एक वाक्य: 'डोन्ट वरी, वुई विल फाइंड.' एवढ्या भांडवलावर बाईंचा कारभार चालला होता. त्यातही लॉस्ट ह्या शब्दावर त्यांचा भारी जीव. बाकीचं इंग्रजी कधी तोंडघशी पाडेल ह्याचा नेम नव्हता, पण लॉस्ट हा घरचा शब्द होता. लॉस्ट म्हणजे हरवलं. हरवलं म्हणजे कुठेतरी आहे. शोधायला हवं, एवढंच.

खिडकीबाहेरचं इंग्रजी मात्र भलतंच द्वाड. बोलायचं एक आणि मनात ठेवायचं दुसरंच, ही त्याची जुनी खोड. शेजारीण जिन्यात भेटली की 'हाऊ आर यू' विचारायची. विचारलंय तर सांगायला नको? बाई थांबून, गुडघ्याचं दुखणं सांगायला शब्दांची जुळवाजुळव करून 'माय नी...' म्हणेपर्यंत ती दोन मजले खाली पोचलेली असायची. एकदा तीच शेजारीण 'सी यू लेटर' म्हणाली. नंतर भेटते म्हणाली म्हणजे येणारच, म्हणून बाईंनी घर आवरलं, दोन कप काढून ठेवले, चहाचं आधण दोनदा आटवलं. शेजारीण त्या संध्याकाळी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आजतागायत आलेली नाही. आता आपणही निघताना 'येते हं' म्हणतो आणि चालते होतो, तेही काही कमी खोटं नाही म्हणा. पण आपल्या खोट्याची आपल्याला सवय असते.

रविवारी मुलीचा फोन यायचा. मुलगी मायाळू, पण कामाच्या रगाड्यात पिचलेली. एका कानाला फोन, एक डोळा गॅसवर आणि दुसरा पोरावर. "आई, जेवलीस? गोळ्या घेतल्यास? काय नवीन?" बाई म्हणायच्या, "काही नाही गं, तुझं सांग." सांगण्यासारखं खरंच काही नसे. मग न्हावीआजोबा आले आणि सांगण्यासारखं झालं. पण भांड्यांच्या आवाजात ते कुठून सांगायला घ्यावं हे बाईंना कधी उमगलं नाही, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. ताठ, टापटीप, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ त्यांचं केस कापायचं दुकान होतं. ते शागिर्दाच्या हवाली करून आजोबा मोकळे झाले होते, आणि आता बसने गावभर फिरण्यापलीकडे त्यांना उद्योग नव्हता. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं हवेत कात्रीसारखी चालायची. उभा जन्म माणसांना खुर्चीत बसवून त्यांच्या कानाशी बोलण्यात गेलेला. खुर्ची गेली, कान गेले, बोलणं तेवढं शिल्लक राहिलं. बायको नव्हती, आणि मुलगी नोकरीच्या धबडग्यात. पहिल्यांदा ते खिडकीवर आले ते चष्म्याचं घर हरवलं म्हणून. पुढच्या आठवड्यात मफलर. मग टोपी, मग काठी, मग पुन्हा मफलर. एवढा टापटिपीचा माणूस दर आठवड्याला काही ना काही बसमध्ये ठेवून उतरतो, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे असा बाईंना दाट संशय होता. पण वस्तू सापडली की मालकाची उलटतपासणी घ्यायची नसते.

खरी ओळख झाली ती भांडणातून. एकदा आजोबांनी हिरवी टोपी हरवल्याची वर्दी दिली. तिच्यावर मोराचं पीस, आणि डोक्यावर चढवली की ती शीळ घालते म्हणे. बाईंनी इमानेइतबारे सगळी फडताळं पालथी घातली, स्टुलावर चढल्या, दानाची गोणी उपसली. घामाघूम होऊन परत आल्या, तर आजोबा खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकून हसत होते. "आय वॉज पुलिंग युअर लेग," ते म्हणाले. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पाय ओढणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नवऱ्याचं फोरमनपद वर्कशॉपातल्या ज्याने घालवलं, त्याने पायच ओढले होते. आता हा म्हातारा वर ऑफिसात जाऊन तक्रार करणार आणि आपली खिडकी जाणार! तो आठवडा त्यांना अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या खेपेला आजोबा आले तेव्हा बाई तोंड फुगवून बसल्या होत्या. काय झालं, काय झालं, असं आजोबांनी दोन-तीनदा विचारलं. शेवटी बाईंचा बांध फुटला. "यू पुल माय लेग," त्या म्हणाल्या. "माय जॉब गो. व्हाय?" आजोबांची कात्री हवेतच थांबली. मग त्यांनी हातवारे केले, डोळे मिचकावले, खोटं खोटं रडून आणि खोटं खोटं हसून दाखवलं, आणि बऱ्याच वेळाने बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "असं होय! फिरकी घेत होता मेला!" त्या चक्क मराठीत ओरडल्या, आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच पोट धरधरून हसल्या. आजोबांनी 'मेला' हा शब्द लगेच उचलला. अर्थ काय, विचारू लागले. आता ह्याचा अर्थ कसा सांगणार? लाडाने म्हणायचं असतं ते, एवढं बाईंनी कसंबसं समजावलं. तेव्हापासून आजोबा खिडकीवर आले की टोपी काढून, कमरेत वाकून म्हणायचे, "गुड मॉर्निंग. मेला इज हिअर."

मग देवघेव सुरू झाली. एक आजोबांनी द्यायचं, एक बाईंनी. धंदा न्हाव्याचा, त्यामुळे आजोबांचा माल बहुतेक केसांचा. चिडलेल्या माणसाला 'कीप युअर हेअर ऑन', केस जागेवर ठेव, असं म्हणतात हे सांगून त्यांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. मला हे कुणी वेळेवर सांगितलंच नाही, म्हणाले. बाईंनी 'केसाने गळा कापणे' दिलं. गोड बोलून घात करणारा माणूस, हे खुणांनी सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ आले. आजोबा क्षणभर गंभीर झाले. उभा जन्म लोकांच्या गळ्यांवरून वस्तरा फिरवला आणि ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, म्हणाले, आणि खोकला येईपर्यंत हसत राहिले. 'आय ॲम ऑल इअर्स' बाईंना फार आवडलं. आपल्याकडे कानांत प्राण आणतात, त्यांच्याकडे अंगभर कान उगवतात. 'अंडर द वेदर' मात्र त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. बरं वाटत नसेल तर माणूस हवेच्या खाली कसा? मग धडधाकट माणसं काय हवेच्या वर राहतात?

आठवड्यातला दिवस तो एकच, पण बाकीचे सगळे दिवस त्याच्यामागे रांगेत उभे असायचे. आदल्या संध्याकाळी बाई कपडे धूत असोत की भात लावत असोत, उद्या काय द्यायचं ह्याचाच विचार चालायचा. प्रेम होतं का? चावट प्रश्न आहे. साठीला टेकलेली बाई आणि ऐंशीचा म्हातारा. आपल्याकडे कुणीतरी मुद्दाम येतं, आणि आपलं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतं, ह्याला लोक प्रेम म्हणत असतील तर खुशाल म्हणोत. बाईंना त्याची फार गरज होती, एवढं नक्की.

आणि एका आठवड्यात आजोबा आले नाहीत. त्यांचा मफलर येऊन पडला होता, ड्रायव्हरने आणून दिलेला, पण मालकाचा पत्ता नाही. असतील अंडर द वेदर, असं बाईंनी स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच वाराला खिडकीवर एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, डोळे सुजलेले. वडिलांचा राखाडी मफलर इथे असेल म्हणाली. चेहऱ्याची ठेवण हुबेहूब आजोबांची, आणि बोलताना बोटंही तशीच हलत होती. बाईंनी मफलर काढून दिला. तिने तो नाकाशी धरला आणि हलकेच म्हणाली, "वुई लॉस्ट हिम. ऑन ट्यूसडे."

तुम्हाला कळलं. मलाही कळतंय. पण इंग्रजीतला जो एकमेव शब्द बाईंना पक्का येत होता, नेमका तोच तिने वापरला. हरवले! आपण ज्याला लबाडी समजत होतो, ती लबाडी नव्हतीच तर! माणूस खरोखरच विसरत होता, आणि मंगळवारी मफलर-टोपी सोडून स्वतःलाच कुठेतरी विसरून बसला. बसले असतील कुठल्यातरी बसमध्ये, कुठे उतरायचं ते आठवत नसेल. 'विच बस?' हे बाईंच्या ओठांवर आलंच होतं. पण मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, म्हणून त्यांनी आधी साहेबांनी पढवलेलं वाक्य म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून, पोटातून म्हटलं. "डोन्ट वरी. वुई विल फाइंड. वुई विल फाइंड हिम."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग खिडकीतून वाकून तिने बाईंच्या हातांवर कपाळ टेकवलं. थँक यू म्हणाली, पुढे आणखीही काहीतरी म्हणाली जे बाईंना समजलं नाही, आणि मफलर गळ्यात घालून निघून गेली. कुठली बस, ते विचारायचं राहिलंच.

राहिलं तर राहिलं. शोधणं हे तर बाईंचंच खातं होतं. त्या दिवशी काम सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत, आजोबांच्या बसमध्ये बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. प्रत्येक ड्रायव्हरला गाठायचं आणि डोक्यावर हात फिरवून सांगायचं, "ओल्ड मॅन. नो हेअर. लॉस्ट." ड्रायव्हर खांदे उडवायचे. एका टारगटाने उलट त्यांनाच विचारलं, "व्हॉट कलर?" बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने गाडी सुरू केली. खिडकीतून कुठे टक्कल चमकलं की बाई घंटा वाजवून उतरायच्या आणि मागून धावत जाऊन त्या गृहस्थाचं तोंड बघायच्या. किती टकल्यांची माफी मागितली ह्याला गणतीच नव्हती. इतक्या वर्षांत बोलल्या नसतील एवढं इंग्रजी त्या दिवसांत त्या बोलल्या. शनिवारी सुट्टी होती, तर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या त्याच बसने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जात-येत राहिल्या. जवळ पोळीभाजी घेतली होती, आजोबा सापडले तर भुकेले असतील म्हणून जास्तीची.

खोटं कशाला बोला, ह्या शोधात बाईंना एक हुरूप आला होता. रडू यायचं, पण पाय थांबत नव्हते. नवऱ्याच्या वेळी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. हरवलेला माणूस म्हणजे अजून असलेला माणूस. तो आपल्याला सापडला पाहिजे, आपल्यालाच, असं त्यांना वाटत होतं. सापडल्यावर त्याला काय बोलायचं तेही ठरलं होतं.

पुढच्या मंगळवारी त्या शेवटच्या थांब्यावर उतरून सरळ दुकानाकडे निघाल्या. दुकान त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण पुरुषांच्या दुकानात शिरायचं कसं, म्हणून बाहेरूनच डोकावून परत फिरल्या होत्या. आज संकोच गिळला आणि दार ढकललं. आत एक गिऱ्हाईक तोंडाला साबण फासून खुर्चीत रेललं होतं, आणि आजोबांचा शागीर्द, आता स्वतःच पिकलेल्या मिशांचा, वस्तरा चालवत होता.

"ओल्ड बार्बर," बाई म्हणाल्या. "ही इज लॉस्ट. आय ॲम फाइंडिंग."

शागिर्दाने वस्तरा खाली ठेवला. टॉवेलला हात पुसत तो मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, ही पास्ड अवे."

पास बाईंना माहीत होता. महिन्याचा पास, म्हाताऱ्यांचा पास. "येस, येस, ही हॅज पास," त्या म्हणाल्या. "ऑल बस पास. बट व्हेअर?"

शागीर्द घुटमळला. "ही इज नो लाँगर विथ अस."

ते आता ह्यांच्याबरोबर दुकानात नसतात हे बाईंना कधीपासून ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं ऐकायला थांबल्या.

"ही इज इन अ बेटर प्लेस," शागीर्द कसनुसा होत म्हणाला.

बाईंचा चेहरा उजळला. चला, ठिकाण तरी लागलं! पर्समधून बसचा नकाशा काढून त्यांनी तो आरशापुढच्या फळीवर, कंगव्यांच्या बाजूला पसरला. "विच बस?"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने डोळे मिटून घेतले. शागिर्दाने नकाशाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. सभ्य माणूस होता बिचारा, आणि त्याच्याजवळचे सगळे सभ्य शब्द संपले होते. "डेड," तो म्हणाला. "ही इज डेड, मॅडम."

हा शब्द बाईंना येत होता. नवऱ्याच्या वेळी साहेबांनी तोच वापरला होता. डेड म्हणजे मेला. टोपी काढून, कमरेत वाकून ते दर आठवड्याला स्वतःच सांगायचे, मेला इज हिअर, आणि आपण हसायचो. बाईंना एकदम आपल्या जिभेची किळस आली. त्या बाकावर बसल्या. शागिर्दाने पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

मग शागीर्द हळूहळू, सोप्या शब्दांत सांगत गेला, आणि बाईंना सगळं समजलं. सगळं समजायला नेमका आजचाच दिवस उगवला होता. आजोबा झोपेतच गेले. शनिवारी त्यांना निरोप दिला, दुकानातली जुनी गिऱ्हाइकं झाडून आली होती. शनिवारी बाई जास्तीची पोळीभाजी मांडीवर घेऊन ह्याच रस्त्यावरून फिरत होत्या. त्यांना कुणी कळवलं नाही, आणि कळवणार तरी कोण? त्या आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती, शागीर्द डोळे टिपत म्हणाला. मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की माझं सांत्वन पुष्कळांनी केलं, पण बसडेपोच्या खिडकीवरची एक परकी बाई माझा हात धरून म्हणाली, काळजी करू नकोस, ते आपल्याला सापडतील. त्या वाक्याने मी उभी राहिले. हे ऐकून सगळे रडले, शागीर्द म्हणाला.

बाई रडल्या नाहीत. ते वाक्य छत्री हरवलेल्यांसाठी आहे, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. मी सांत्वन केलं नव्हतं, मी खरंच शोधत होते, हे सांगावंसं वाटलं. पण तेवढं इंग्रजी नव्हतं, आणि असतं तरी त्या पोरीचा आधार कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा? तिचं निभावलं ना, मग झालं. आपल्याला मात्र असं वाक्य कुणी दिलं नाही, हेही त्यांच्या मनात आलं. येणारच. माणूस आहे.

"आर यू फॅमिली?" शागिर्दाने विचारलं.

बाईंनी नकाशाची घडी घातली. कोण म्हणून सांगायचं, ह्याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नो," त्या म्हणाल्या. "लॉस्ट प्रॉपर्टी."

त्या आपल्या खात्याचं नाव सांगत होत्या. शागिर्दाला काय कळलं देव जाणे, पण त्याने दार उघडून धरलं आणि थांब्यापर्यंत त्यांना सोडायला आला.

रविवारी मुलीचा फोन आला. मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती, आणि नातू कशासाठी तरी हटून बसला होता.

"आई, जेवलीस? गोळ्या घेतल्यास? काय नवीन?"

"आजोबा गेले गं," बाई म्हणाल्या.

"कोण आजोबा? अरे, ठेव ते खाली, सांडशील! हं, बोल आई. कुठे गेले?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आजोबांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. मुलीला सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि एवढं सगळं मराठीतसुद्धा त्यांना जमलं नसतं. वारले म्हणावं, तर कोण, कधीपासून, कसे.

"हरवले माझे," त्या म्हणाल्या.

"काय हरवलं? ह्या नळाने काही ऐकू येत नाही बघ." मुलगी हसली. "अगं, तू हरवल्याचं टेन्शन घेतेस? सापडेल की! तुझं तर कामच आहे ते. बरं, हा रडतोय, ठेवू? नंतर करते हं."

"हो," बाई म्हणाल्या. "सापडेल."